माझी टिकली कोणत्या रकान्यात?

ति. लोरेनताई,

ओहायोहून धाकट्या ड्वेनचा नमस्कार. तुझा नवा गुडघा रुळला का? ॲरिझोनात बर्फ नाही, म्हणून घसरायची भीती नाही असं तू म्हणतेस. पण तू सपाट गालिच्यावर पडलेली बाई आहेस, तेव्हा जपून. माझी तब्येत बरी आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि तेच सांगायला बसलोय.

गेल्या मंगळवारी ग्रंथालयात आपल्या पिढीवर भाषण होतं. (आपली पिढी म्हणजे युद्ध संपून बापमंडळी घरी परतली आणि पाठोपाठ जी पोरं झाली ती. वर्गात बाक पुरायचे नाहीत, आठवतं ना?) बोलणारी पोरगी पस्तिशीची, गोड होती, पण आमच्याबद्दल हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगत होती. म्हणे आपल्यातले पुष्कळजण आता एकटे राहतात, साठीनंतर काडीमोड घेणारे वाढलेत, आणि बायकाबायकांनी मिळून घर करायची नवी चाल पडलीय. मग तिनं भिंतीवर मोठा तक्ता लावला आणि प्रत्येकाला एक पिवळी टिकली देऊन आपापल्या रकान्यात चिकटवायला सांगितली. जोडीदाराबरोबर, एकटे, मुलांकडे, मित्रमैत्रिणींबरोबर. काम एवढंसं, पण माझी पंचाईत झाली.

कारण मार्लीन ऑक्टोबरपासून पॅट्रिसकडे राहते. (पॅट्रिस म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण, नवरा गेला ती.) भांडण नाही, तंटा नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर एक दिवस भांडी विसळता विसळता म्हणाली, "ड्वेन, मी रागावले नाहीये हं, पण मला जरा स्वतःचा आवाज ऐकू येईल असं घर हवंय." मी टीव्ही बारीक केला. तरी ती गेली. दर रविवारी मात्र चर्चमधून थेट इकडे येते, ओव्हनमध्ये मांस भाजायला ठेवते, माझ्या मोज्यांच्या जोड्या लावते आणि चार वाजता निघून जाते. आता याला संसार म्हणायचा की पाहुणचार? विचारायला जावं तर ती माझ्या कोलेस्टेरॉलचा विषय काढते.

तर मी टिकली 'जोडीदाराबरोबर' खाली लावली. मोजदाद झाली तेव्हा त्या रकान्यात एकोणीस निघाल्या. पोरगी गोंधळली, कारण आलेली जोडपी सगळी जोडीनंच आली होती. मागून आमच्या शेजारचा बर्नी म्हणाला, "एक नवरा जास्त झालाय, बाई. ज्याच्या शेजारची खुर्ची रिकामी, त्यानं उभं राहावं." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मार्लीन दोन ओळी पुढे पॅट्रिसशेजारी बसली होती, ती तेवढी हसली नाही. मी उठून टिकली काढायला गेलो तर निघेना. नखानं खरवडली तर तक्ताच फाटला. ताई, खरं सांगतो, तेव्हा मला फार एकटं वाटलं.

तुझा,
ड्वेन

ता. क. मार्लीन ईस्टरला तुझ्याकडे यायचं म्हणतेय. तेव्हा सहज विचार, ती परत येणार आहे का. मी विचारायला सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस. आणि ती हो म्हणाली तर लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

आणखी एक. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही. नातेवाइकांचे पत्ते सगळे मार्लीनच्या वहीत, तेव्हा रविवारी पाकिटावर पत्ता तीच लिहील. पाकीट मी उघडंच ठेवलंय.