तिसऱ्या मजल्यावरचे डाग

३ मार्च, मंगळवार

घेतला एकदाचा पोल! जुनाच, वापरलेला. एकातून एक नळ्या सरकवत नेल्या की तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. टोकाला ब्रश, ब्रशात पाण्याची भोकं, खाली चाकांवरची टाकी, पंप आणि फिल्टर. विकणाराही माझ्यासारखा काचा धुणाराच. खांदा गेला म्हणून धंदा सोडतोय. खुंटीवरचा शर्टसुद्धा बायको काढून देते म्हणाला. ती दारातच उभी होती. "न्या बाई, न्या! माझ्या बैठकीतली ही पीडा जाऊ दे एकदाची."

त्याने दोनदा बजावलं — "पाण्यात क्षार किती ते हा मीटर सांगतो. फिल्टरमधून आलेल्या पाण्याला त्याने शून्य दाखवायला हवं. शून्य असलं की काच पुसायची नाही. ओली सोडून चालू पडायचं. वाळली की लख्ख."

तीस वर्षं काचा पुसतेय मी. आणि आता म्हणे ओली सोडून चालू पडायचं! मान डोलावली आणि सामान उचललं.

५ मार्च, गुरुवार

धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, हा पोल कशाला?" म्हटलं, गुडघ्यांसाठी. हाडांच्या डॉक्टरने शिडी बंद केलीय. तर म्हणते, "गुडघे काय कालपासून दुखायला लागले? लेकीच्या इमारतीचं काम घेतलंस ना?" हिला बरं सगळं कळतं!

घेतलंय. त्या रस्त्याने जाते मी कधीमधी. दाराशी पाटी होती, काचा धुणारे पाहिजेत. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते, डावीकडच्या घरात. माझी शिडी दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाही. आता पोल जाईल. बस्स.

८ मार्च, रविवार

आज सुट्टी. एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

हे गेले त्याला चौदा महिने झाले. आजारीच होते, कल्पना होती सगळ्यांना. चौथ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे काचा पुसायला गेले, कारण तारीख दिलेली होती. पाचव्या दिवशी ह्यांचे कपडे पिशव्यांत भरून जिन्यात ठेवले. लेक आली. तिने पिशव्या बघितल्या, मला बघितलं. मी भाजी चिरत होते. "आई, तुला काहीच वाटत नाही का गं? बाबा गेले आणि डोळ्यांत टिपूस नाही!" मी म्हटलं, "रडून कोण परत आलंय?" हातातली सुरीसुद्धा खाली ठेवली नाही. ती तशीच निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही.

वाटत होतं की काहीतरी! कुठे वाटतंय तेच सापडत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल चिमटला तरी कळत नाही, तसं. अजून तसंच आहे. जेवते, झोपते, काचा धुते.

झालं लिहून.

१० मार्च, मंगळवार

घरामागे सराव. पोल सरळ उभा राहील तर शपथ! जरा वारा आला की झिंगतो. एक क्लॅम्प ढिला निघाला, त्याला चिकटपट्टी गुंडाळली. शेजारीण गॅलरीतून — "मासे पकडताय का हो?" म्हटलं, "हो, तुमच्यासाठीच." वर बघून बघून माझी मान आखडली.

१७ मार्च, मंगळवार

पहिली धुलाई, सगळी इमारत. टोपी कपाळापर्यंत ओढून घेतली होती.

शिडीवर होते तेव्हा लोकांची घरं दिसायची. कुणाचं न आवरलेलं अंथरूण, कुणाची मांजर. आता खालून काचेत नुसतं आभाळ दिसतं. तिसऱ्या मजल्यावर डावीकडेही आभाळच. आतल्या माणसाला फक्त ब्रश दिसत असणार, तो कुणाच्या हातात आहे ते नाही. बरंच आहे. तिला कळायला नको. कळलं तर म्हणेल, आता कशाला आलीस.

सगळ्या काचा ओल्या सोडून निघाले. हात नुसते शिवशिवत होते. तळमजल्यावरची एक पुसलीच शेवटी!

१९ मार्च, गुरुवार

इमारतीच्या मॅनेजरचा फोन. "मावशी, हे काय करून ठेवलंत? अख्ख्या इमारतीला डाग!"

धावत गेले. खरंच, प्रत्येक काचेवर पांढरे ठिपके. मी पुसलेली तेवढी एक स्वच्छ. घरी येऊन मीटर तपासला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मीटर पाण्यात बुडवायचा असतो. मी तो हातात धरून, हवेत बघितला होता. हवेत शून्य दाखवणार नाही तर काय! पाण्यात बुडवला तर आकडा दोनशेच्या पुढे. विकणाऱ्याला फोन केला. "अहो, फिल्टरमधले क्षार शोषणारे दाणे संपले असतील. सांगायचं राहिलंच बघा!"

तीस वर्षांचा अनुभव म्हणे. गाढव मी!

२४ मार्च, मंगळवार

नवे दाणे भरले. मीटर शून्य. पाण्यात बुडवून! सगळी इमारत पुन्हा धुतली.

२६ मार्च, गुरुवार

तक्रार नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या महिन्याची धुलाई. आता हाताला जमतंय. तिसऱ्या मजल्यावरचा डावीकडचा पडदा हलल्यासारखा वाटला. पाणी ओघळताना होतो भास.

तिची खिडकी दोनदा धुतली. चौकटीचे कोपरेसुद्धा. कुणाच्या बापाचं काय जातं?

२३ एप्रिल, गुरुवार

मॅनेजर म्हणतो, पुन्हा डाग! म्हटलं, कुठे? "तिसरा मजला, डावीकडचं घर. बाकी सगळे खूश आहेत, मावशी."

डोकंच चालेना. पाणी तेच, ब्रश तोच. सगळ्यांच्या काचा लख्ख आणि हिच्याच तेवढ्या खराब? मीटर चार वेळा बुडवला. चारही वेळा शून्य. चौकटीचं रबर जुनं असेल, त्यातून मळ उतरत असेल. नाहीतर ब्रशच खराब असेल. ब्रश साबणाने धुऊन उन्हात ठेवला. दाणेही बदलले, तसे नवेच होते तरी. लेकीच्या घरातून माझ्या कामाला नाव! दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

लागलं म्हणजे काय, जरासं.

२८ एप्रिल, मंगळवार

फक्त तेवढी एक खिडकी धुवायला गेले. तीनदा धुतली. रबराच्या फटीत ब्रश घालून घालून मळ काढला. आता डाग राहिला तर मी धंदा सोडेन.

३० एप्रिल, गुरुवार

राहिला!

मॅनेजर कंटाळलाय. "मावशी, त्या बाई म्हणतात डाग खालून दिसायचे नाहीत, धुणारीने स्वतः वर येऊन आतून बघावं." म्हटलं, फोटो पाठवायला सांगा. तर म्हणे फोटोत येत नाहीत. असले कसले डाग?

मी वर जाणार नाही. भीती वाटते. तिने दार उघडायचं आणि मी ह्याच कोऱ्या तोंडाने समोर उभं राहायचं. ती पुन्हा म्हणणार, तुला काहीच वाटत नाही का. आणि खरंच काही वाटलं नाही तर? पोटची पोर समोर आणि मी आपली डाग शोधतेय. मग संपलंच. ह्या भीतीपोटीच फोन केला नाही इतके दिवस. आज कबूल करते.

३ मे, रविवार

बहिणीला सगळं सांगितलं. तिला हसू येत होतं का, कोण जाणे. "ताई, काम तुझं, तक्रार तुझ्या कामाची. आतून बघितल्याशिवाय डाग कळणार कसा?"

तेही खरंच. काम म्हणून जाईन. काच बघायची, कारण सांगायचं, यायचं. कापड, चष्मा आणि मीटर पिशवीत भरून ठेवलंय.

५ मे, मंगळवार

गेले. जावयाने दार उघडलं. "या," एवढंच म्हणाला आणि आत गेला. लेक खिडकीपाशी उभी होती. वाळलीय. मी सरळ काचेकडे गेले. समोरून बघितली, तिरकी होऊन बघितली, चष्मा पुसून बघितली. डाग नव्हता. एकही नाही.

"कुठेयत डाग?"

"नाहीत," लेक म्हणाली. "गेल्या खेपेलाही नव्हते."

"मग तक्रार कशाला केलीस?"

"दुसऱ्या कशासाठी वर आली असतीस का, आई?"

बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. हमसाहमशी. हे गेले ते, त्या पिशव्या, ती सुरी, सगळं एकदम. लेकीने मला धरलं. जावई घाबरून पाणी घेऊन धावला.

आत्ता हे लिहितेय तरी थांबत नाही.