तपासणीला आलेला पाहुणा

बाबूजी, तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. आज शाळेत पोरांना पाढे घोकायला लावून हे लिहायला बसलो आहे.

तुम्हाला वाटायचं, कॉलेज म्हणजे कुणी एक दानशूर शेठ. मनात आलं तर देईल, नाहीतर नाही. तसं नव्हतं. नागपूरच्या कॉलेजनं अर्धी फी माफ करायची, आपल्या समाजाच्या वसतिगृहानं राहायला कोपरा द्यायचा, गोंदियाच्या एका शेठजींनी जेवणाचा खर्च उचलायचा, अशी ठिगळं जोडून माझ्या शिक्षणाची मदत उभी राहायची. आणि जो तो म्हणायचा, बाकीचे देत असतील तर आम्हीही देऊ. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. कॉलेजचा माणूस घरी येऊन आपली गरिबी डोळ्यांनी पाहणार होता.

आमगाव स्टेशनावरून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत तो येतो, आणि तुम्ही काय करता? गावच्या मालगुजाराच्या वाड्यावरून पितळी ताटं मागून आणता, जाजम आणता. ज्या घरात आदल्या आठवड्यात आम्ही मोहफुलं उकडून पोट भरलं, त्या घरात चिन्नोरचा बारीक, सुवासिक भात, वर तूप! आईच्या गळ्यात शेजारणीची सरी. "घ्या ना जी साहेब, लाजू नोका, घरचंच हाये." घरचंच म्हणे! तो बिचारा पोटभर जेवला, ढेकर दिला आणि नागपूरला जाऊन सांगितलं, खाऊनपिऊन सुखी घर आहे. आधी कॉलेज मागे सरलं, मग वसतिगृह, मग शेठजी.

मी तुमच्या पाया पडलो. म्हटलं, एकदा नागपूरला चला, सांगा की ताटं मागून आणली होती. तुम्ही तंबाखू मळत होता. "काऊन रे? तुले कालेज पायजे म्हून मी पाव्हण्यासमोर नाक कापून घेऊ का?" मी रडायला लागलो तर कानाखाली वाजवली. मी इथंच मास्तरकी धरली आणि तुम्ही शाबूत नाक घेऊन गावभर मिरवलात.

तुमच्या तेरवीला सगळा गाव आला, मालगुजारसुद्धा. माझ्याजवळ तेव्हा पैसे होते. तरी मी जाडा भात आणि पाण्यासारखं वरण वाढलं. तुपाचा थेंब नाही. आई म्हणाली, "अरे बाप्पा, लोकं काय म्हणतीन?" लोक म्हणालेच. पत्रावळीवरून उठता उठता हसले. हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून खरं लिहितो. मला लाज वाटली नाही. ते पाहायला तुम्ही नव्हता, एवढंच वाईट वाटलं.