पुस्तकात नसलेली बैलगाडी

९ नोव्हेंबर, एकोडी

आले एकदाची. शहापूरहून साकोलीपर्यंत बस, पुढे रवी मोटरसायकल घेऊन आला होता. ताईचा मुलगा, एरवी तोंडाची टकळी बंद नसते. आज अर्ध्या रस्त्यापर्यंत गप्प. मग तलावाच्या पाळीपाशी गाडी थांबवली आणि म्हणाला, "मावशी, नागपूरचा डॉक्टर म्हणते का आता कुठं नेऊ नका. आईले सांगतलं नाही. तू बी नको सांगू." लगेच किक मारली. मी मागे बसून रडले. त्याला कळलं असेल, नसेल.

ताई सपरीत, दारापुढच्या पडवीत, बाजेवर. काचबिंदूनं नजर आधीच गेली, आता अंगही गेलं. माझा हात चाचपला. "शोभे, बांगड्या काहून सैल झाल्या वं तुया?" मला विचारते. तिचं स्वतःचं मनगट पाहवत नाही.

१० नोव्हें.

धानकापणी चालू. रवी, सून, सगळे बांधीत, शेतावर. घरी आम्ही दोघीच.

ताईनं फोनवरच बजावलं होतं, ते भुताचं पुस्तक आण. भंडाऱ्याच्या वाचनालयात मिळालं, रेक्झिनची बांधणी, वाळवीनं कडा खाल्लेल्या. लहानपणी हे तिनंच मला वाचून दाखवलं होतं. मला तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती, भीती मात्र चांगली येत होती. "आता तू वाच," म्हणाली. "मले दिसत नाही, तुले भेव नाही. बरोबर झालं."

तीन प्रकरणं झाली. तळ्याकाठचं घर, दोघी बहिणी, थोरली तापानं फणफणलेली. पाणी पिऊन पिऊन वाचलं.

११ नोव्हें.

आज त्या पुस्तकावरचा सिनेमा रवीच्या मोबाईलवर सापडला. आम्ही दोघींनी तो साकोलीला टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला होता, ताईच्या लग्नाच्या आधी. ताईनं आज नुसता ऐकला. भूत कमी, वाजंत्री जास्त. खेड्यातलं घर आणि जागोजागी मेणबत्त्या! यांच्याकडे कंदील नव्हता काय? दार करकरलं की ताई म्हणायची, "तेल टाका म्हणावं त्याले." हसून हसून तिला ठसका लागला, मग मीच बंद केला.

शेवट मला पाठच आहे. थोरली मरते, भूत होते, रोज सांजच्याला धाकटीला हाका मारते. मांत्रिक येऊन तिची वेणी जाळतो आणि धाकटीचं लग्न लागतं. पुस्तकात असलं काही नाही. तिथे थोरली मरतच नाही. तिला मावशीकडे औषधाला नेलेलं असतं, घरातले उगाच रडत बसतात, आणि ती बैलगाडीतून लाडवांचा डबा घेऊन परत येते. हाका तिच्याच असतात. सिनेमावाल्यांनी पुस्तकाची माती केली, हे मी चाळीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत आले. ह्यांच्याशी तर लग्नाच्या पहिल्या वर्षी यावरून भांडलेही होते.

ताईलाही तेच सांगितलं. तिनं कूस बदलली.

१३ नोव्हें.

आठव्या प्रकरणापर्यंत दोघींचं झालं होतं. दुपारी तिला झोप लागली, म्हणून मी एकटीनं पुढचं वाचून काढलं.

बैलगाडी नाही. मावशी नाही. लाडू नाहीत. पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली, एखादं पान फाटलं असेल म्हणून क्रमांकही पाहिले. सगळी आहेत. थोरली नवव्या प्रकरणात मरते. मग हाका. शेवटच्या पानावर धाकटी धीर करून दार उघडते, बाहेर कोणी नसतं, आणि त्यानंतर हाक कधीच येत नाही. संपलं.

ताईनं मला हे वाचून दाखवलं तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. ताई तेराची असेल. समोर छापलेलं एक, मांडीवर डोकं ठेवून मी. आणि ती न अडखळता दुसरंच वाचत गेली.

मला ती मांडी पुन्हा हवी आहे. या वयात लाज वाटते लिहायला, पण हवी आहे.

१४ नोव्हें.

वाचन नाही. उलट्या. पेजही पोटात ठरत नाही. ह्यांचा फोन, "तू कधी येऊन राहिली?" म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाले, "राय तिथंच. माह्यं मी पाहतो." भला माणूस.

१६ नोव्हें.

आज जरा बरी. "नववं काढ," म्हणाली.

मी काढलं. आणि तिला बैलगाडी वाचून दाखवली. मावशी, औषध, डबा, सगळं. आवाज अगदी ठीक होता असं मला वाटलं.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग विचारलं, "बैल कोणत्या रंगाचे होते?"

"पांढरे."

"एक पांढरा, एक तांबडा. मी तसंच वाचलं होतं."

ती म्हणाली, "खोटं वाचताना मान वर होते वं. पुस्तकात पाहून खोटं नाही वाचता येत. तुया आवाज वरती आढ्याकडं गेला, तवाच समजलं." मग दोघी हसलो. मग मी रडले आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे उलट व्हायला हवं होतं.

"आता जसं आहे तसं वाच," म्हणाली.

वाचलं. मान खाली घालून, एकही शब्द न गाळता. थोरली मेली. ताई म्हणाली, "बरं लिहिलं आहे. तेव्हा माह्याच्यानं वाचल्या गेलं नव्हतं, पान उलटवून देल्लं होतं."

१७ नोव्हें.

सकाळीच पुस्तक संपवलं. धाकटीनं दार उघडलं, कोणी नव्हतं. ताईनं विचारलं, "मंग पुढं?" म्हटलं, पुढे काही नाही.

"सिनेमापेक्षा हेच भेवाचं."

खरं आहे. सिनेमात भूत येतं तरी. आलं म्हणजे भेट तर होते. मला वेणी जाळणाऱ्या त्या मांत्रिकाचा पहिल्यांदाच राग आला.

पुस्तक मिटलं तर तिनं वरती हात ठेवला. "याचं झालं. आता नागपूरचा डॉक्टर काय म्हणाला ते सांग. तेही जसं आहे तसं."

"चहा टाकते," म्हणून मी आत आले.

रवीला शब्द दिला आहे. तो बांधीत आहे, फोन उचलत नाही. चहा उकळून निम्मा झाला. इथून सपरी दिसते, ताई भिंतीला टेकून उठून बसली आहे, कोणाचा आधार न घेता. मला पहिलं वाक्य सुचत नाही.