जाधवबाईंचे कागदी कप

तीर्थस्वरूप दाजी यांस,

पोलादपूरच्या डोंगरातून भिकाजीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. गुडघा सध्या वाकत नाही, कारण पुढे येईल.) अक्काची कंबर कशी आहे? आणि तुमची साखर? अक्का फोनवर म्हणत होती की तुम्ही चहा बिनसाखरेचा घेता, पण पेढा समोर आला की डॉक्टरांचे नाव काढू देत नाही. इकडे सर्व खुशाल. भात निसवतोय, लोंब्या बाहेर पडताहेत, रानडुकरेही वेळेवर येतात.

परवा तुम्ही मोठ्या आनंदाने कळवलेत की आमच्या शाळेच्या बाईंच्या बदलीचा कागद पुढे सरकला आणि दिवाळीआधी काम होईल. दाजी, सरकारी कागद सरकतो हे ठाऊक असते तर मी तो जिल्हा परिषदेत पोचवायला तुमच्या हाती दिलाच नसता. आमच्या ओढ्यावरच्या साकवाचा अर्ज अकरा वर्षे जागचा हललेला नाही, त्याच भरवशावर मी होतो. बातमी ऐकून घरात कोणी धड जेवले नाही. (मी जेवलो, पण भात दुसऱ्यांदा घेतला नाही.) असे का, हे कळायला पहिल्यापासून सांगावे लागेल, तेव्हा चष्मा लावून बसा.

जुने गुरुजी निवृत्त झाले आणि सात महिने शाळेला कोणी नव्हते. आपल्या घाटात यायला कोण तयार होतो? मग गेल्या नोव्हेंबरात दीक्षा जाधव नावाच्या बाई हजर झाल्या. मी शाळा समितीचा अध्यक्ष, मी जाधव, निम्मे गाव जाधव, आणि बाईही जाधव! आमच्या शेजारच्या बयाबाईने त्यांना त्याच दिवशी भावकीत घेऊन टाकले. शाळेत दुपारचा चहा रोज एकेका घरून जातो ही आपली जुनी चाल तुम्हाला माहीत आहेच. बाईंना तो गुलाबाच्या फुलांच्या कपबशीतून जाऊ लागला, जी आमच्याकडे फक्त जावयासाठी निघते. पुतण्या यशराजसाठी स्थळ म्हणूनही घरात कुजबुज सुरू झाली. (पत्रिका मागायची तेवढी राहिली होती.)

वीस मार्चला मी कोर्टाच्या तारखेला महाडला गेलो. चवदार तळ्याकडे माणसांचा पूर लोटला होता. त्या गर्दीतून पांढऱ्या साडीतल्या बाईंनी मला हाक मारली, "जाधवकाका!" आणि आईवडिलांना अभिमानाने सांगितले की हे आमच्या शाळेचे अध्यक्ष. त्यांच्या आईने पाण्याचा पेला पुढे केला. दाजी, मार्चमधले महाड, घशाला कोरड पडलेली, आणि मी म्हणालो, तहान नाही. तेही त्या तळ्याच्या काठावर उभे राहून. त्या माउलीने पेल्यातले पाणी परत बाटलीत ओतले. ते आठवले की मला अजून लाज वाटते.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. वाईट कोणी काही बोलले नाही, आपले गाव सभ्य आहे. फक्त दुसऱ्या दिवसापासून चहा कागदी कपातून जाऊ लागला. "सोच्छतेसाठी बरं असतं, करोनापास्नं," असे वरच्या आळीतली ठकूबाई म्हणाली. (ह्या ठकूबाईच्या विहिरीत गेल्या साली बेडकांची तीन कुटुंबे नांदत होती.) आणि मग तो अर्ज निघाला. आंबेनळी घाटात दरडी कोसळतात, महिला शिक्षिकेची गैरसोय होते, तरी त्यांची सखल भागात बदली व्हावी. बावीस सह्या. इतकी काळजी आम्ही आपल्या सुनांचीही कधी केली नव्हती.

जुलैत खरोखरच दरड आली. एसटी बंद. आम्ही सुट्टी धरून चाललो, तर अकरा वाजता शाळेची घंटा! बाई चपला हातात घेऊन चिखल तुडवत वर आल्या होत्या. त्यांच्या शिकवण्याचे काय सांगू? आमची नात रेश्मा, जी नाव विचारले तर आजीच्या पदरात शिरायची, ती आता मी ओठ हलवत पेपर वाचतो म्हणून मला रागावते. बौद्धवाडीतली चार मुले दाराजवळ बसत. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते, त्यांचे बापही तिथेच बसत. बाईंनी उंचीप्रमाणे बसवले, विषय संपला. त्यांच्यातला धम्मपाल पूर्वी म्हणायचा, मी ड्रायव्हर होणार. आता म्हणतो, "मी गुरुजी होनार!" मी हसलो, आणि मग मनाशी आठवू लागलो. माझ्या साठ वर्षांत ह्या शाळेत इतके गुरुजी येऊन गेले, पण त्या वाडीतल्या पोरांनी आपला म्हणावा असा एकही नव्हता. मला हे कधी आठवून पाहायची गरजच पडली नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले आणि बाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात नेले. भिंतीला लागून कागदी कपांची रांग, प्रत्येकात माती, मातीत रोप. मिरची, काकडी, झेंडू. आणि प्रत्येक कपावर मुलांच्या अक्षरात लिहिलेले, कप कोणाच्या घरून आला ते! बाईंनी भाषणात गावाचे मनापासून आभार मानले की गावाने शाळेला जूनपासून त्रेचाळीस कप दिले. त्यात टोमणा होता की नव्हता, ते मला आजतागायत कळलेले नाही. ठकूबाई आकाशाकडे बघू लागली. सर्वांत जास्त कप आमच्या घरचे, कारण अध्यक्ष. तेवढ्यात रेश्मा भर सभेत म्हणाली, "आजोबा, आधीच्या गुरुजींचे कप कुठं हायत? त्यांनी झाडं नाय लावली?"

मी म्हणालो, त्यांना काचेचा कप होता.

"मग बाईंना का नाय?"

दाजी, कोर्टात उलटतपासणीला मी कधी डगमगलो नाही. त्या दिवशी मला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी गुलाबाची कपबशी आणि किटली घेऊन मी स्वतः निघालो. शाळेच्या पायरीवर शेवाळ. मी पडलो, गुडघा फुटला, कपबशीचे तुकडे झाले, किटली तेवढी वाचली. बाईंनी जखम धुतली, हळद लावली आणि कपाटातून दोन कागदी कप काढले. "बसा काका, आज दोघंही कागदी." प्यालो. चहाला मेणाचा वास येतो आणि कपाचा तळ ओला होतो. हाच चहा बाई इतके महिने रोज पीत होत्या आणि रोज 'चहा छान होता' असा निरोप पाठवत होत्या. इतक्या मोठ्या मनाची माणसे मी फार पाहिलेली नाहीत. निघताना म्हणाल्या, "कप टाकू नका, जांभळाचं बी शिल्लक आहे." रांगेत आता माझ्या नावाचा कप आहे. अजून उगवलेले नाही.

असो. पत्र लांबले. अक्काला नमस्कार, पेढे बेताने.

आपला मेहुणा,
भिकाजी जाधव

ता. क. सोबत नवा अर्ज जोडला आहे. बाईंना इथेच ठेवावे. एकोणचाळीस सह्या आहेत, त्यात वाडीतल्याही. मागच्या वेळी वाडीत कोणाला विचारायचे सुचलेच नव्हते. दाजी, तो पहिला कागद काहीही करून मागे घ्यायला लावा. मी स्वतः यायला, लिहून द्यायला, पाया पडायला तयार आहे. (गुडघा बरा झाला की.)

ता. क. दुसरा. तो पहिला अर्ज सबंध माझ्याच हातचा होता, हे तुम्ही अक्षरावरून ओळखलेच असेल. बाईंना मात्र ह्याचा पत्ता नाही, आणि तो लागू देऊ नये ही हात जोडून विनंती.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच बाई घरी आल्या. दर शनिवारी मी मुलांना सुलेखन शिकवावे म्हणतात. माझे अक्षर तुम्ही कुठे पाहिलेत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "खुलाशासाठी माझ्याकडे अर्जाची प्रत आली होती ना, एप्रिलमध्येच. वेलांट्या फार सुंदर काढता तुम्ही, काका. मजकूर तेवढा मी देत जाईन."