भाषाशास्त्राच्या दोन खुर्च्या

सोमवार, ३ मार्च
आज तीन विभाग माझ्या हातून मोडले. म्हणजे तसा मसुदा मी टाइप केला. कुलसचिवांनी फाइल दिली, वर 'गोपनीय'. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र – तिन्ही विभाग मोडून एकच संकुल करायचं. नाव ठरेना, म्हणून तेवढी जागा कोरी. भाषाशास्त्रात आज शिक्षक तीन. संकुलात त्यांना खुर्च्या दोन.
आणि भाषाशास्त्राचे प्रमुख आमचे हे! कुलसचिवांना ठाऊक आहेच. "घरी बोलायचं नाही," एवढंच म्हणाले. वीस वर्षांत ऑफिसातला शब्द मी घरी नेला नाही. पण हा तर घरचाच कागद.

मंगळवार, ४ मार्च
ह्यांनी विचारलं, ऑफिसात काय नवीन? म्हटलं, पंखा बिघडलाय. खोटं बोलायला तेवढंच सुचलं.

शनिवार, ८ मार्च
ह्यांच्या विभागातल्या धाकट्या बाई घरी आल्या होत्या. बहिरी मुलं वाक्य रचायला कशी शिकतात, हा त्यांचा अभ्यास. मानसशास्त्रवाले म्हणतात, ही भाषा, तिकडे जा. भाषेचे परीक्षक म्हणतात, हे मानसशास्त्र. प्रबंध आठ महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. सांगताना हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते.
हे म्हणाले, "भिंती आम्ही घातल्या आणि डोकं तुम्ही आपटताय."
मी चहाचं निमित्त करून आत गेले.

मंगळवार, ११ मार्च
दुसरा मसुदा आला. खुर्च्या सेवाज्येष्ठतेनं द्यायच्या. म्हणजे एक ह्यांना, दुसरी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला. धाकट्या बाईंची बदली गावाबाहेरच्या कॉलेजात. तिथे ना बहिरी मुलं, ना प्रयोगशाळा. ज्या कामासाठी संकुल काढायचं, ते काम करणारी एकटी बाईच बाहेर!
आणि मला काय वाटलं? जीव भांड्यात पडला. लिहायला लाज वाटते. पण वाटलं ते हेच.

बुधवार, १२ मार्च
धाकट्या बाई जिन्यात भेटल्या. मी फाइल छातीशी घट्ट धरली. "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" त्यांनीच विचारलं.

गुरुवार, १३ मार्च
राहवलं नाही. सकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं – संकुल, ज्येष्ठता, बदली. गेले कित्येक दिवस हे नीट जेवत नव्हते. विभागाबद्दल कुजबुज त्यांच्याही कानावर आली असणार. वाटलं, खुर्ची शाबूत आहे म्हटल्यावर दोन घास तरी जातील.
ह्यांनी एकच विचारलं, "यावरची सभा कधी?"
म्हटलं, उद्या अकराला. "बरं," म्हणाले, आणि डबा न घेताच गेले. आता धास्ती वेगळीच. वीस वर्षांचा नेम मोडला, कुणाला कळलं तर? शिवाय हे चिडले की सुखावले, तेही कळलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च
दुपारी सभेचं इतिवृत्त टाइपला आलं. ठराव सहावा : भाषाशास्त्राच्या विभागप्रमुखांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर; त्यांच्या जागी विभागातील कनिष्ठ शिक्षिका संकुलात कायम.
कुलसचिव म्हणाले, "प्रमुखांचं नाव नीट तपासा."
तपासलं. बरोबर आहे.