पहिल्या प्रकरणातलं प्रेत

लालबाग,
२ जानेवारी १९५७

चि. कमलाकांत यास आशीर्वाद.

माझा नवरा पुस्तकात घालायला तुला कोणी सांगितलं होतं? दर महिन्याला एक खून पाडतोस, पाड. त्याच्यावर दादरला ब्लॉक घेतलास, तुझ्या रहस्यकथांना वाचनालयात नंबर लागतात, बहीण म्हणून मला आनंदच आहे. पण काल शेजारच्या नलूने तुझं नवं पुस्तक आणलं. ती गॅलरीत बसून मोठ्याने वाचते आणि आम्ही बायका तांदूळ निवडत ऐकतो, तुला माहीत आहे. पहिल्याच प्रकरणात गोळीबार. कापडाच्या बंद दुकानाच्या पायरीवर गिरणीतला माणूस पडलाय, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, पाणी पाणी करतोय आणि कोणी देत नाही. नलूने पुस्तक मिटलं. ह्यांची बोटं गिरणीच्या साच्यात गेली हे अख्ख्या चाळीला ठाऊक. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सुपातले खडे निवडलेल्या तांदळात टाकत बसले होते.

मोर्चात गोळी लागली, जागच्या जागी गेले, कळलंसुद्धा नाही, असं तूच मला सांगितलंस. तू इस्पितळात ओळख पटवायला गेलास तेव्हाच पाहिलंस म्हणालास. त्या बोलण्यावर मी वर्ष काढलं. मग हे पाणी कुठून आलं?

तुझी आक्का,
सुभद्रा


दादर,
५ जानेवारी १९५७

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आक्का, माझ्या धंद्यात पहिल्या प्रकरणात प्रेत लागतंच, नाहीतर वाचक पान उलटत नाही. बोटांचं चुकलं. पुढच्या आवृत्तीत काढतो. बाकी सगळं रचलेलं. पुस्तकात कापडाचं दुकान आहे, खरी ती पिठाची चक्की होती, पायरीही उंच. आणि भावोजींनी पाणी कुठे मागितलं? शब्द काढला नाही त्यांनी. नुसते बघत होते. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

वर्षश्राद्धाला जमेलसं दिसत नाही. रागाव, पण तोडू नकोस.

तुझा,
कमू


लालबाग,
७ जानेवारी १९५७

चि. कमूस आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकातला गुन्हेगार कायम एकच चूक करतो. कोणी न विचारलेलं सांगून बसतो. आम्ही लगेच ओरडतो, सापडला मेला! पिठाच्या चक्कीचं मी कुठे विचारलं होतं? हे कुठे पडले ते वर्षभरात मला कोणी सांगू शकलं नाही. आणि तू पायरीची उंची सांगतोस.

पुढे गेला नाहीस म्हणून मी तुला खाणार नाही. गोळ्या चालल्या होत्या, तुझी बेबी पाळण्यात होती. पळालास तरी समजेन. पण नुसते बघत होते म्हणतोस. कोणाकडे? तुझ्याकडेच ना? किती वेळ? नलू वाचत होती तेव्हा आनंदाही गॅलरीत ऐकत उभा होता. बापाच्या जागी गिरणीत लागलेला पोरगा, तेव्हापासून जेवायला बसतो आणि उठून जातो. मला विचारतो, आई, बाबा कसे गेले? त्याला मी काय सांगू, तुझं पहिलं सांगणं, पुस्तकातलं, की ह्या पत्रातलं?

लोकांना शेवटच्या पानापर्यंत टांगून ठेवतोस, मला ठेवू नकोस. शुक्रवारी वर्षश्राद्ध. भट यायच्या आत स्वतः ये आणि आनंदासमोर तोंडाने सांग. पत्र पाठवू नकोस. लिहायला बसलास की तू रचतोस.

वाट बघतेय.
सुभद्रा