मुलाची चौकशी

१२ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. निश्चय: पाचला उठणे. राग पूर्ण बंद. मार्चपर्यंत कॉलेजला परत. कॉलेज मी सोडलेलं नाही, थर्ड इयरच्या मधे जरा थांबवलंय. हा फरक बाबांना समजत नाही. त्यावरून सकाळी वाजलं. बाथरूमचं दार आधीपासूनच कमजोर होतं.

१५ जानेवारी
पाचला उठलो नाही, कारण झोपलोच नव्हतो. मतलब, निश्चय तसा मोडलेला नाही.
घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. मी खोलीत. सगळ्या गेल्या तरी आमच्या मराठी मंडळातल्या मंदाताई बसून. आई रडत होती बहुतेक. तिला सर्दी आहे. जाताना मंदाताई आत आल्या, हातावर तिळगूळ ठेवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, नीट जेवतोस ना रे. त्यांना काय करायचंय?

१७ जानेवारी
मंदाताईंचे मिस्टर आले. महिपतराव, रिटायर्ड. म्हणाले, सकाळी एकट्याने फिरायला कंटाळा येतो, चलशील का. दाना ओलीत राहणारा माणूस पार्टनर शोधायला आमच्या शिंदे की छावनीपर्यंत येतो? नाहीच म्हणणार होतो. पण हेमांगी त्यांची भाची. आईबाप भोपाळला, ती शिकायला मामाकडे. सायकॉलॉजीत एम.ए. करते. माझं दिवाळीपासून प्रेम आहे. तिला सांगणं तेवढं बाकी आहे.
फिरताना काकांनी विचारलं, झोप कशी लागते. राग येतो का. काही पिणं वगैरे. पुढचं काय ठरवलंय.
घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला. आधी मामी मुलगा बघून गेली, आता मामा. आपल्या लोकांत चौकशी अशीच होते. सरळ कोण विचारतं!

२० जानेवारी
उत्तरं सुधारली. झोप: पडल्या पडल्या. राग: लहानपणी यायचा. कॉलेज: बस, फॉर्म भरायचा बाकी. काका नुसते हं म्हणतात. त्यांचं हं पॉझिटिव्ह वाटतं. फोनची काच कशी फुटली विचारलं. पडला म्हटलं. भिंतीवर पडला, हे सांगायची गरज नव्हती.
मित्र किती आहेत, तेही विचारलं. खूप, म्हटलं. गेले दोन महिने कोणाचा फोन उचललेला नाही, पण म्हणून मित्र कमी होत नाहीत.

२४ जानेवारी
टोपी बाजारातून नवी पँट. मुलगी दाखवायला अचानक आणली तर? नेहमीचंच माप, तरी सैल. हल्ली कंपन्या मापं वाढवतात. दुकानदाराला तेच सांगितलं. आवाज थोडा चढला. आसपासची दोन दुकानंही चूक माझीच म्हणायला लागली. घरी येऊन चादर घेतली. थकवा. थंडीने होतं असं.
आईने दारातून दोनदा जेवायला हाक मारली. नंतर मारली नाही. बरं झालं.

२९ जानेवारी
आज काकांबरोबर हेमांगीही आली. समोर बसली. म्हणाली, मामाशी बोलून बरं वाटतंय का, काही त्रास असेल तर मलाही सांग.
हाच तो क्षण, असं वाटलं. म्हटलं, माझ्याकडून काहीच अडचण नाही, घरचेही हो म्हणतील.
तिने विचारलं, कशाला?
लग्नाला, म्हटलं.
काकांनी चहात पाहिलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली.
मग हेमांगीने सावकाश समजावलं. मंडळाने काही जणांना ट्रेनिंग दिलंय. कुठल्या घरात कोणी मिटलेलं, चिडचिडं दिसलं, तर गोष्ट वाढायच्या आत जाऊन बसायचं, ऐकायचं, लागलंच तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. हळदीकुंकवाच्या दिवशी आई मंदाताईंशी बोलली होती. म्हणजे मुलगा बघत होते ते खरं, पण असा.
मी कप फेकला. ओरडलो, मी काय पेशंट आहे?
काका म्हणाले, "नाहीस रे. आम्ही त्याच्या आधी येतो."

१ फेब्रुवारी
बाहेर पडलो नाही. आंघोळ नाही. प्रेम वगैरे सगळं बकवास. काकांना दिलेली उत्तरं आठवतात आणि उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. निश्चय: काही नाही.

३ फेब्रुवारी
सकाळी दारात परत महिपतराव. मफलर, काठी, सगळं तेच. म्हटलं, काका, चौकशी संपली ना आता? म्हणाले, संपली, चप्पल घाल.
गेलो. भांडायलाही दम लागतो, तो नव्हता. धुकं एवढं की समोरची रिक्षा दिसेना. बेडई-पुरीच्या गाड्यावर बाकावर बसलो. त्यांनी माझ्यासाठीही प्लेट घेतली, आणि साखर कमी की जास्त विचारावं तशा आवाजात विचारलं,
"केदार, जगू नये असं वाटतं कधी?"
उत्तर तयार होतं. नाही काका, मस्त चाललंय. तोंड उघडलं आणि निघालं,
"कधीकधी."
ते दचकले नाहीत. काठी बाजूला ठेवून जवळ सरकले. म्हणाले, बरं केलंस सांगितलंस. आजही वाटतंय का? म्हटलं, आत्ता नाही. झोपेचंही सांगितलं, ऑक्टोबरपासूनचं. बराच वेळ सांगत होतो बहुतेक, कारण बेडई थंड झाली. त्यांनी एकदाही हं म्हटलं नाही.
मग म्हणाले, बाबांना तू सांगतोस की मी? म्हटलं, तुम्ही सांगा, मी शेजारी बसतो.

५ फेब्रुवारी
मंगळवारी डॉक्टर. बाबांनी सुट्टी टाकली. ऐकल्यावर ओरडले नाहीत, नुसते माझ्या पलंगावर येऊन बसले. मग दोघांनी क्रिकेट बघितलं. कोण खेळत होतं, आठवत नाही.
दुपारी हेमांगीचा मेसेज आला. फोन हातात घेऊन आधी केस नीट केले, मग उघडला. "खूप हिंमत लागते यार. प्राउड ऑफ यू, भैया."
भैया.
दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. शेवटी नुसता अंगठा पाठवला.